७२ वॅटची पट्टी, ५ अँपिअरचा अडॅप्टर: टँकच्या लाईटमधली फसवणूक

फिशटँकचा लाईट घरी बनवणाऱ्यांच्या गळ्यात 'कम्प्लीट किट' म्हणून जे मारलं जातं, त्यातली लबाडी लेबलवरच वाचता येते. एलईडी पट्टीच्या ५ मीटरच्या रिळावर छापलेलं असतं १२ व्होल्ट, ७२ वॅट. म्हणजे ६ अँपिअर. सोबतचा अडॅप्टर मात्र ५ अँपिअरचा, म्हणजे ६० वॅट. पट्टी खरी असती तर हा अडॅप्टर तापून बंद पडला असता. तो निवांत चालतो, कारण पट्टी तेवढी वीज घेतच नाही.

खरी ५०५० पट्टी (५ × ५ मिमीचे एलईडी) मीटरला ६० एलईडींची, १४.४ वॅट, १.२ अँपिअर. तीन एलईडींचा एक गट, प्रत्येक एलईडीत तीन चिप आणि प्रत्येक चिपला साधारण २० मिलिअँपिअर. हा करंट शेजारचा बारका काळा रेझिस्टर ठरवतो. मोबाईलचा कॅमेरा झूम करून त्यावरचा आकडा वाचा. गटाला तीन रेझिस्टर असतील आणि '१५१' दिसलं तर ते १५० ओहम, ठीक. '३३१' असेल तर ३३० ओहम: करंट साधारण निम्मा, उजेडही तसाच. दुसरी चलाखी म्हणजे ५०५० च्या घरात तीनऐवजी एकच चिप. व्होल्टेज कमी करत एलईडी अगदी मंद केला की आतले ठिपके मोजता येतात.

दुकानात हे कळत नाही. रीळ गुंडाळलेलंच पेटवून दाखवतात, ३०० एलईडी एका जागी, डोळे दिपणारच. त्यातून रंग निळसर असला की आणखी प्रखर वाटतो. ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका निळसर) सांगून १०,००० च्या आसपासचा माल खपतो तो यामुळेच.

६० × ३० × ३६ सेंमीच्या टँकला, म्हणजे साधारण ६५ लिटरला, ५५ सेंमीच्या तीन ओळी लावल्या तर १.६५ मीटर पट्टी, जवळपास २४ वॅट मिळायला हवेत. मिळतात दहा-बारा. अनुबियास, जावा फर्न ही कमी उजेडातली रोपं तग धरतात. तळाशी पसरणारी कार्पेटची रोपं वर ताणत जातात आणि विरघळतात. मग 'खत कमी पडतंय' म्हणून खत ओतलं जातं आणि शेवाळ माजतं. बिचाऱ्या रोपांचा यात काही दोष नसतो.

म्हणून पट्टी कापण्याआधी मोजा; कापलेला माल कोणी परत घेत नाही. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, जोडा आणि त्याच मालाच्या एक मीटरच्या सुट्या तुकड्याचा करंट पाहा. दहा सेकंद पुरे. १.२ च्या जवळ हवा. अर्धा आला तर तिथेच परत द्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, मीटर लावू न देणाऱ्याकडून घेऊच नका. मग पूर्ण रीळ उलगडून जोडा आणि शेवटच्या टोकाचं व्होल्टेज बघा. १२ चं साडेनऊ झालं तर तांबं पातळ आहे. अडॅप्टरची परीक्षाही लोडवरच होते, नुसतं १२ व्होल्ट दाखवणं काही सिद्ध करत नाही. त्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघा.

'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणारी आयपी ६५ पट्टी शिंतोडे-फवाऱ्यापुरती, पाण्यात बुडवायला नाही. कापलेलं टोक उघडंच राहतं. ते न्यूट्रल सिलिकॉननं बुजवा; व्हिनेगरसारखा वास येणारं टँकचं सिलिकॉन तांबं खातं.

पण सगळ्यात वाईट प्रकार 'ड्रायव्हर लागतच नाही' म्हणून विकली जाणारी ५० वॅटची २३० व्होल्ट चिप. तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे सोल्डर केलेल्या टोकांवर थेट मेन्सचा करंट असतो. अ‍ॅल्युमिनियमची पाटी आणि हा करंट यांच्यामध्ये फक्त एक पातळ थर. वरून वाफ, खाली पाणी, त्यात आपला हात. ही चिप टँकवर कुठल्याही परिस्थितीत लावू नका. १२ व्होल्टचा आयसोलेटेड (मेन्सशी थेट जोड नसलेला) अडॅप्टर, घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता तिथेच गळावं म्हणून प्लगच्या खाली लोंबता ठेवलेला वायरचा झोल, एवढं हवंच.

घेताना बिलावर 'प्रति मीटर १४.४ वॅट' लिहून घ्या. दुकानदार अडून बसला तर मोजणीचा फोटो आणि बिल घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा.