वाळूच्या रिकाम्या पिशव्या: सिमेंटचं पोतं, तागाची गोणी की छोटी नवी पिशवी?

पावसाचं पाणी उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणून वाळूची पोती रचायची, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बारदानाच्या दुकानात गेल्यावर तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येतात: सिमेंटचं वापरलेलं पोतं, तागाची गोणी आणि विणलेल्या प्लॅस्टिकची १४ बाय २६ इंची नवी पिशवी. घर आणि अंगण एवढंच काम असेल, तर आमचं मत ठामपणे तिसरीच्या बाजूने आहे. मुख्य कारण तिचा आकार.

हिशोब करून बघा. सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्यात साधारण ३५ लिटर माल मावतो. तेवढी वाळू भरली तर वजन ५५ किलोच्या वर जातं. अर्धंच भरलं तरी २८ किलो, आणि वाळू ओली असली की आणखी चार-पाच किलोंची भर. रात्री दोन वाजता गुडघाभर पाण्यात असं पोतं उचलून नीट जागेवर बसवणं घरच्या माणसांना जमत नाही. मग ते कसंही टाकलं जातं आणि पाणी फटीतून आत शिरतं. छोट्या पिशवीत अकरा-बारा लिटर, म्हणजे साधारण एक घमेलं वाळू घातली की ती १८ किलोंची होते. ती एकट्याला उचलता येते.

सिमेंटच्या पोत्याला आणखी एक अडचण आहे. ते दोन्ही टोकांनी बंद असतं, आणि बांधकामावर ते बहुतेक वेळा मधोमध फाडूनच रिकामं करतात. धड तोंड असलेली पोती निवडून घ्यावी लागतात. ओढ्यावर वनराई बंधारा घालायला ती उत्तम, कारण तिथे भरपूर माणसं असतात, उजेड असतो आणि बंधारा एका हंगामापुरताच टिकायला हवा असतो. दारासाठी मात्र नको. खताच्या रिकाम्या पिशव्या घेतल्या तर आधी दोनदा खळखळून धुवा. आतलं खत भिंतीच्या पायथ्याशी झिरपलं की गिलाव्यावर क्षार फुटतात.

तागाची गोणी हाताळायला छान. ती एकमेकांवर घसरत नाही आणि ओली झाली की दुसरीच्या अंगाला घट्ट बसते. पण मोठी गोणी रिकामीच ५८० ग्रॅम भरते, पाणी पिऊन जड होते, आणि ओल्या मातीला टेकून राहिली की तळापासून कुजते. वाळवीलाही आवडते. दोन-चार दिवसांच्या पुरासाठी चालेल, पण जूनमध्ये रचून सप्टेंबरपर्यंत ठेवायची असेल तर पैसे वाया.

नवी पिशवी घेताना दुकानातच चार गोष्टी तपासा. कापडावर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वरच राहिला, कापडातून अजिबात झिरपला नाही, तर बहुधा त्यावर प्लॅस्टिकचा थर चढवलेला आहे. अशी पिशवी घसरते, आणि आत अडकलेली हवा न निघाल्याने ती उशीसारखी फुगलेली राहते. साधी, बिनथराची घ्या. अंगठ्याच्या नखाने विणीच्या पट्ट्या सरकवून पाहा. सहज सरकून भोक पडलं तर बारीक वाळू गळणार. तळाची शिवण कापड दुमडून घातलेली हवी, कारण एकेरी साखळी टाक्याचा एक धागा सुटला की अख्खी शिवण उसवते. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऊन. ‘यूव्ही’ प्रक्रिया केलेली, म्हणजे ऊन सोसणारी पिशवी आहे का ते विचारा. साधी पांढरी पिशवी आपल्या उन्हात काही महिन्यांत कडक होते, चुरगळली की तिचा भुगा पडतो. जुना माल ओळखायचा तर कापड नखाने खरवडा; पांढरी पूड निघाली तर परत करा.

भरायला नदीची वाळू किंवा क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू घ्या. क्रश सँडचे कण टोकदार असल्याने ती जागेवर छान बसते. काळी माती टाळा, ती पाण्यात फुगते आणि मग गाऱ्यासारखी निसटते. मुरमातले खडे कापड फाडतात. समुद्रकिनाऱ्याची वाळू उचलणं बेकायदा तर आहेच, शिवाय तिच्यातल्या मिठाने भिंत ओल धरते. एका ब्रासमध्ये, म्हणजे १०० घनफुटांत, अशा सुमारे २५० पिशव्या भरतात. भरताना तळ कापलेली प्लॅस्टिकची बादली पिशवीच्या तोंडात उपडी न करता सरळ खोचा. एकाने धरायची, दुसऱ्याने फावड्याने ओतायचं. पिशवी अर्ध्याच्या थोडी वर भरली की थांबा. इथेच सगळ्यांचं चुकतं. गच्च भरलेली पिशवी लोडासारखी गोल होते आणि दोन लोडांमध्ये फट राहणारच.

रचताना तोंड बांधू नका. रिकामा भाग पिशवीच्या अंगाखाली दुमडा आणि पुढची पिशवी त्या टोकावर थोडी चढवून ठेवा. पायाने दाबून सपाट करा. वरचा थर विटांसारखा सांधे चुकवून. दाबल्यावर एका थराची उंची साधारण ४ इंच होते, त्यामुळे १ फुटाला तीन थर लागतात: खाली तीन रांगा, मध्ये दोन, वर एक. पाया उंचीच्या तिप्पट रुंद हवा. ४ फुटी दाराला दोन्ही बाजूंना फूटभर जास्त धरून २४ पिशव्या लागतात. रचण्याआधी फरशीवरचा चिखल घासून काढा. पाण्याच्या बाजूने जाड प्लॅस्टिक सैलसर पसरा आणि त्याची खालची कड पिशव्यांखाली दाबा. ताणून लावलं तर पाण्याच्या दाबाने फाटतं.

एवढं करूनही थोडं पाणी झिरपतंच, आत बादली आणि पोचारा हवाच. आणि बाहेरचं पाणी दारातून अडलं तरी मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून उलटं येतं. त्यांच्या तोंडावर दाबायला दोन पिशव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळ्या ठेवा.

ही सोय फूट-दीड फूट पाण्यासाठी आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांच्या इशाऱ्यावरून ४३ फुटांच्या धोक्याकडे चढत असेल आणि घर पूररेषेत असेल, तर पिशव्या रचण्यात वेळ घालवू नका, सामान वर न्या आणि निघा. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर किंवा २२ जुलै २०२१ चं चिपळूण, तिथे पिशव्यांचा काही उपयोगच नव्हता. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं, अशा स्थितीत विटांची भिंतच आत कलंडू शकते.

पावसाळ्याबाहेरही याच पिशव्या कामाला येतात. पागोळ्यांखाली एक रांग टाकली की जोत्याची माती खणली जात नाही. ताडपत्रीच्या कडेवर ठेवायची असेल तर तोंड सुतळीने आवळून बांधा. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र ठेवू नका, तो तडकतो. खालून दोन-चार भोकं पाडून माती आणि शेणखत भरलं तर आलं-हळदीचं एक पीक आरामात निघतं.

पुराचं पाणी लागलेली वाळू यासाठी वापरू नका, त्यात गटाराची घाण असते. मुलांना तिच्यात खेळू देऊ नका. हातमोजे घालून ती बाहेर काढा आणि नगरपालिका सांगेल तिथे टाका. न वापरलेल्या रिकाम्या पिशव्या ५०-५० च्या गठ्ठ्यात, सुतळीसकट, झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. उघड्यावर ठेवलेल्या गठ्ठ्यात उंदीर घर करतात, आणि त्यांनी पाडलेली भोकं वाळू ओतेपर्यंत दिसत नाहीत. शंभर पिशव्यांचं वजन तीन-चार किलोच भरतं, तेव्हा जागेची अडचण होत नाही.