बांडुंगचं बांद्रेक, जामनेरच्या थंडीत

भाच्याने इंडोनेशियाहून बांद्रेकच्या पुड्या आणल्या. बांडुंग शहर सुमारे ७०० मीटर उंचीवर, रात्री गारवा. तिथले सुंदानी लोक आलं, दालचिनी आणि ताडाचा गूळ उकळून हे गरम पेय पितात. जानेवारीत पहाटे केळीला पाणी द्यायला जाताना मी ते थर्मासमध्ये भरून नेलं.

आधी गुळाची धुरकट गोडी लागते, आल्याचा चटका मागून घशात उतरतो. आपल्या उसाच्या गुळाला ही चव नाही, ती आरेन ताडाच्या रसाचीच. आईने घोट घेतला नि म्हणाली, "हाई ते आपलं सुंठनं पानी शे!" पण दुसरा कप तिनेच मागितला.

पुडीत मात्र साखर फार. एका पुडीला पाऊण कप पाणी लिहिलंय, मी सव्वा कप घातलं तेव्हा कुठे बरं लागलं.

मग घरीच केलं. आलं चुलीच्या निखाऱ्यावर भाजून ठेचलं, दालचिनी, दोन लवंगा, परसातला गवती चहा, गूळ; वरून शहाळ्याची मलई. बांद्रेकमध्ये कोवळं खोबरं घालतातच. भाजलेल्या आल्याचा वास पुडीत कुठून येणार!

सोबत हळद-चिंचेच्या 'कुन्यित आसम'ची बाटलीही होती. हा जामूचा, म्हणजे इंडोनेशियातल्या पारंपरिक औषधी पेयांचा, प्रकार. जामूच्या परंपरेला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आंबटगोड, थंडगार. एप्रिलच्या उन्हासाठी अर्धी बाटली राखायची होती, पोरांनी आठवड्यात संपवली.

पुडीला पाचपैकी तीन, घरच्याला साडेचार.