लिनक्स मिंट: सिनॅमन, एक्सएफसीई की एलएमडीई? काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून घरातले दोन्ही लॅपटॉप लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर आहेत. सिनॅमन, त्याहून हलकं एक्सएफसीई आणि एलएमडीई (लिनक्स मिंट डेबियन एडिशन) या तिन्ही आवृत्त्या मी रोजच्या कामाला वापरल्या. दिसण्यावरून निवड करू नका, आधी रॅम आणि वाय-फायची चिप बघा.

४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर सिनॅमन चालतं, पण ब्राउझरचे चार-पाच टॅब आणि लिब्रेऑफिस एकदम उघडलं की अडखळतं. तिथेच एक्सएफसीई टाकलं आणि फरक लगेच जाणवला. रूप साधं, सेटिंग्ज जरा विखुरलेल्या, पण काम अडत नाही. ८ जीबी असेल तर मात्र सरळ सिनॅमन घ्या. विंडोजवरून आलेल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटतं.

एलएमडीई बाहेरून हुबेहूब सिनॅमनच, पण पाया उबुंटूचा नाही, डेबियनचा (दोन्ही लिनक्सच्याच सिस्टिम). मिंट २२ (सिनॅमन आणि एक्सएफसीई) उबुंटू २४.०४ वर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. एलएमडीई ७ डेबियन १३ वर आहे. मला एलएमडीईचा स्थिरपणा मनापासून आवडला. पण जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय मिंट २२ मध्ये ड्रायव्हर मॅनेजरने दोन क्लिकमध्ये सुरू केलं होतं, तेच एलएमडीईत फोन यूएसबीने जोडून, त्याचं नेट घेऊन, टर्मिनलमधून पॅकेज टाकल्यावर सुरू झालं. उबुंटूसाठीचे पीपीएही (बाहेरून सॉफ्टवेअर घ्यायचे स्रोत) इथे चालतील असं धरून चालू नका. आणि ३२-बिट मशीन असेल तर एलएमडीई ७ चालणारच नाही, ते फक्त ६४-बिट आहे.

मराठी टायपिंगला तिन्हींत पैकीच्या पैकी गुण. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा. 'दुसऱ्या'मधला ऱ्या हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. रफार होत नाही, अक्षर तुटत नाही. रोज मराठीत लिहिणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

टाइमशिफ्ट (सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारं साधन) तिन्हींत आहे. मोठ्या अपडेटआधी स्नॅपशॉट घ्याच. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, एवढं तपासा. यातलं काही बिघडलं तर दुसरी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन पुन्हा बघा, तोवर हार्ड डिस्कला हात लावू नका.