जनुक तपासणी सेवा: शास्त्र चोख, समजावणी तोकडी

पुतणीच्या बाळाला जन्मानंतर पहिल्याच आठवड्यात झटके येऊ लागल्याने, बालमेंदूतज्ज्ञांच्या सल्ल्यावरून आम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून अपस्माराशी संबंधित जनुकांची तपासणी करून घेतली. त्या सेवेविषयी हा अभिप्राय. बाळासोबत आई-वडिलांच्याही रक्ताचे नमुने घेतले, ही दूरदृष्टी आवडली, कारण जनुकातला बदल पालकांकडून आला की बाळात नव्याने घडला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

अहवालात केसीएनक्यू२ या जनुकातील बदल सुस्पष्ट नोंदवला होता. विसाव्या गुणसूत्रावरील हे जनुक मेंदूच्या पेशींतील एका पोटॅशियम वाहिनीचा घटक घडवते. पेशी उत्तेजित होऊ लागली की ही वाहिनी पोटॅशियम बाहेर सोडून तिला आवर घालते, आणि हा लगाम सैल पडला की झटके येतात. काही घराण्यांत ते थोड्या महिन्यांत आपोआप थांबतात. काही बाळांच्या मात्र, बहुधा नव्याने घडलेल्या बदलामुळे, एकूण विकासावरच गंभीर परिणाम होतो.

नेमका हाच फरक शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत उरकला होता. समुपदेशन म्हणजे घाईघाईने केलेला एक फोन, तोही इंग्रजीतून. ओली बाळंतीण त्यात काय काय विचारणार? कार्बामाझेपिनसारखी, सोडियम वाहिन्यांवर काम करणारी औषधे या आजारात अनेकदा गुणकारी ठरतात, हेही डॉक्टरांकडूनच कळले. तपासणी जरूर करावी. पैसे भरण्यापूर्वी समुपदेशन कोण आणि कोणत्या भाषेत करणार, हे मात्र लेखी घ्यावे.