ओम्नीचं हेड गॅस्केट: आठ महिने आणि ११,००० किलोमीटरनंतर

गाडी कार्ब्युरेटरवाली जुनी मारुती ओम्नी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सोबत एलपीजी किट. हेड (सिलिंडरांच्या वरचा भाग) उतरवून, फेसिंग करून म्हणजे त्याचा तळ मशीनवर घासून सपाट करून, नवीन गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सील) टाकून आठ महिने झाले. एवढ्या काळात रिझर्व्ह बाटलीतलं पाणी एकदाच भरावं लागलं, तेही पहिल्या पंधरवड्यात, आत अडकलेली हवा निघाल्यावर. उन्हाळ्यात माल भरून आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढतानाही टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. काम टिकलं, पण त्याचं श्रेय गॅस्केटला फार कमी आहे.

हे इंजिन मुळात सोपं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, ॲल्युमिनियम जास्त फुगतं. नेहमीच्या तापमानात गॅस्केट हा फरक सांभाळून घेतं. पण एकदा पाणी उकळेपर्यंत गाडी ताणली की हेड वाकतं आणि गॅस्केट त्यानंतर जळतं. म्हणून नुसतं गॅस्केट बदललं की गाडी दोन-तीन महिन्यांत पुन्हा गॅरेजच्या दारात उभी.

हेड खोलण्याआधी गळती खरंच तिथून आहे का, ते बघा. व्हॉल्व्ह कव्हरचं रबर किंवा डिस्ट्रिब्युटरची (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाची) ओ-रिंग म्हणजे रबरी कडी गेली की ऑइल ओघळून थेट हेडच्या सांध्यावर जमतं आणि बरेच लोक तिथेच फसतात. एलपीजीवाल्यांनी रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) जाणारे गरम पाण्याचे दोन पाइपही तपासावेत. पाणी कमी होतं ते बऱ्याचदा त्यांच्या क्लॅम्पमधून. ऑइलच्या झाकणाखाली थोडी दुधी साय दिसली म्हणून घाबरू नका, थंडीत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती वाफेचीही असते. डिपस्टिकवर दुधी ऑइल आलं, तर मात्र गाडी चालवू नका.

खात्रीच्या खुणा वेगळ्या. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करा. रेस वाढवली की बुडबुडेही वाढत असतील तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात जातोय. मग तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजा. एकमेकांत दर चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक नको. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली आले असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या पट्टीत फुटलंय. टेंपरेचरच्या काट्यावर मात्र विसंबू नका. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की काटा गार दाखवतो आणि हेड तिकडे भाजत असतं.

बोल्ट आठ आहेत. इंजिन पूर्ण गार असताना, कडेकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करायचे. गरम हेड उघडलं तर तेवढ्यानेही ते वाकू शकतं. सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घेऊन हेड उभं, आडवं आणि तिरपं मोजा, मर्यादा ०.०५ मिलिमीटर. तेवढीच मोजणी ब्लॉकवरही करा, ती कोणीच करत नाही. फेसिंगला देताना लेथवाल्याला आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. दोन व्हॉल्व्ह सीटच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मध्ये बारीक चीर असेल तर फेसिंगचे पैसे पाण्यात. आणि ‘कमीत कमी काढा’ हे बजावून सांगा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठोके द्यायला लागतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: ब्लॉकमधली बोल्टची भोकं. त्यांत ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट तळाशी द्रवावर दाबला जातो, पाना टॉर्क (आवळण्याचा जोर) दाखवतो आणि हेड मात्र नीट आवळलंच जात नाही. ब्लॉकला तडा जाण्याचीही भीती. हवेने भोकं साफ करा, आटे ब्रशने घासा, बोल्टच्या आट्यांना जेमतेम ऑइलचा हात लावा.

गॅस्केट कोरडंच बसवायचं. त्यावर सिलिकॉन थापायची सवय सोडा. दाबाने ते आत सरकतं आणि ऑइलची वाट बुजवतं. ऑइलचं भोक भोकावर आलंय ना, तेवढं डोळ्यांनी बघून घ्या. ते चुकलं तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सुकी फिरेल. आवळताना मधून बाहेरच्या दिशेने, आधी २०, मग ४०, शेवटी ५५ ते ६० न्यूटन मीटर. लांब दांडा घालून अंदाजाने आवळणारे हात कितीही जुने असोत, इथे टॉर्क रेंचच हवा. नंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरचा गॅप, थंड इंजिनावर ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर. गॅसवर चालणाऱ्या गाडीत व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते आणि गॅप कमी होत जातो, म्हणून आठ महिन्यांत तो दोनदा तपासला. दुसऱ्यांदा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह घट्ट निघाला.

टिकण्याचं खरं कारण मात्र हेडच्या बाहेरचं आहे. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या होत्या. त्या रॉडिंग करून, म्हणजे आत सळई फिरवून साफ करून घेतल्या. झाकण दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो दाबाचं नवीन टाकलं, कारण रबर गेलेलं झाकण दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नका. इंजिन गार राहिलं की पेट्रोल जास्त जातं, आणि मूळचा दोष तसाच राहतो. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा.

गळती बंद करणारी पावडर किंवा बाटली? रेडिएटरच्या बारीक भोकाला चालेल कदाचित. ज्वलनाच्या दाबापुढे ती टिकत नाही, आणि जाता जाता रेडिएटरच्या उरलेल्या नळ्या बुजवते.

तक्रार एकच उरली आहे. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला हेडवर ऑइलचा किंचित ओलावा येतो. हेड उतरवलेलं असताना ती ओ-रिंग बदलायची राहिली. आता तेवढ्यासाठी डिस्ट्रिब्युटर काढून टायमिंग (ठिणगीची वेळ) पुन्हा लावावं लागेल.