‘द क्रूसिबल’ की ‘घाशीराम कोतवाल’: खोट्या आरोपांचे नाटक निवडताना

राजकीय छळ आणि खोटे आरोप यांवर इतिहासाच्या आडून बोलणारे नाटक एखाद्या हौशी संस्थेला करायचे असेल, तर आर्थर मिलरचे ‘द क्रूसिबल’ आणि विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ यांच्यात निवड करताना आधी एक गोष्ट ठरवावी लागेल: प्रेक्षकाने आरोपीच्या बाजूने उभे राहावे, की कोणाच्याच बाजूने उभे राहता येऊ नये?

मिलरचे नाटक १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये आले. कथा १६९२ च्या, अमेरिकेतल्या सेलम गावची. जादूटोण्याच्या आरोपांवरून तिथे १९ जणांना फाशी झाली आणि जाईल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने रीतसर जबाब देण्यास नकार दिल्यामुळे त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारले गेले. कबुली द्या, आणखी चार नावे सांगा आणि जगा. नाकाराल तर फास, असा तिथल्या न्यायाचा हिशेब होता. नाटक आले तेव्हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून अमेरिकेत चाललेल्या चौकशांतही सहकाऱ्यांची नावे सांगणे हीच निष्ठेची खूण मानली जात होती, त्यामुळे रूपक उलगडून सांगण्याची गरज मिलरला पडली नाही. पुढे १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीने खुद्द त्यालाच बोलावले, तेव्हा त्यानेही इतरांची नावे देण्याचे नाकारले. या नाटकात मला एकच गोष्ट खटकते. आरोप करणाऱ्या मुलींपैकी, प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांच्या असलेल्या अ‍ॅबिगेलला मिलरने सतरा वर्षांची केले आणि नाटकाचा नायक जॉन प्रॉक्टर याच्याशी तिचे प्रकरण जुळवले, त्यामुळे साऱ्या गावाच्या भयाचे खापर बऱ्याच अंशी एका दुखावलेल्या मुलीवर फुटते.

तेंडुलकर ही पळवाट ठेवत नाहीत. १९७२ साली पुण्यात प्रथम सादर झालेल्या त्यांच्या नाटकात कनोजहून आलेल्या घाशीरामवर चोरीचा खोटा आळ येतो आणि तो मार खाऊन शहराबाहेर फेकला जातो. पण मिलरचा प्रॉक्टर जसा शेवटी आपले नाव राखून फासावर जातो, तसे इथे काही घडत नाही. हा निरपराध माणूस पोटची पोर नाना फडणवीसांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो आणि मग तापलेला लोखंडी गोळा हातात धरायला लावून दुसऱ्या निरपराधाकडून चोरीची कबुली काढतो. १७९१ मध्ये खरा घाशीराम जमावाच्या हातून मेला. नाटकातही तो मरतो, नाना मात्र सुखरूप राहतात. तेंडुलकरांनी हे ऐतिहासिक नाटक नसल्याचे स्वतः सांगितले होते, तरीही त्यावर वाद व्हायचा तो झालाच.

प्रयोगाच्या दृष्टीने अंतर मोठे आहे. ‘क्रूसिबल’ला वीसएक नट, साधे नेपथ्य आणि प्युरिटन, म्हणजे सेलमवासीयांच्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, धार्मिकतेला शोभेल असे संयत मराठी लागते, ते साधले तर नुसत्या अभिवाचनातही न्यायालयाचा अंक अंगावर येतो. ‘घाशीराम’चे तसे नाही. बारा ब्राह्मणांची हलती मानवी भिंत, तिच्या तोंडचा नामघोष, कीर्तनावरून लावणीवर होणारी घसरण हे सारे काढून टाकले की हातात केवळ सांगाडा उरतो. गाणारे-नाचणारे नट आणि दोन-तीन महिन्यांच्या तालमी हाताशी नसतील, तर मी मिलरच निवडीन. त्या असतील तर तेंडुलकर, मग संस्थेच्या आश्रयदात्यांपैकी काहींनी पाठ फिरवली तरी चालेल.