डोक्यावरची दोन टिंबं: जर्मन आणि स्वीडिश

रोमन 'ओ'वर दोन टिंबं दिसली की आपण गोंधळतो. उच्चार तसा सोपा: ओठ 'ओ'साठी गोल करायचे आणि आतून 'ए' म्हणायचं. जर्मन आणि स्वीडिश, दोघांकडे हा आवाज आहे. पण त्या अक्षराचा घरातला मान मात्र अगदी वेगळा.

जर्मनमध्ये ते 'ओ'चंच बदललेलं रूप. पूर्वी 'ओ'च्या डोक्यावर बारीक 'ई' लिहीत, त्याचीच झिजून टिंबं झाली. म्हणून कीबोर्डवर सोय नसेल तर जर्मन माणूस बिनदिक्कत 'ओ-ई' लिहितो; शब्दकोड्यांतही तसंच. कवी गटेच्या आडनावात तर आजही 'ओ-ई'च आहे. शब्दकोशात हे अक्षर 'ओ'च्याच रांगेत बसतं. पण टिंबं गाळून चालत नाही: 'शोन' म्हणजे 'आधीच', टिंबं दिली की 'सुंदर'. प्रेमपत्रात हे महागात पडेल!

स्वीडिशमध्ये ते स्वतंत्र अक्षर, वर्णमालेतलं 29वं आणि शेवटचं. याच अक्षराने सुरू होणारं एरेब्रू शहर शब्दकोशात शोधायचं तर 'झेड'च्याही पुढे जावं लागतं. शिवाय हे एकटं अक्षर म्हणजे अख्खा शब्द आहे, अर्थ 'बेट'.

मला स्वीडिश पद्धत जास्त पटते. आपणही इंग्रजी शब्दांसाठी घेतलेल्या 'ॲ' आणि 'ऑ'ला 2009 मध्ये वर्णमालेत हक्काची जागा दिलीच की.